रेवप्पाअण्णांची पाठ

रेवप्पाअण्णा नंदर्गी हे ‘उगवता तारा फुटबॉल मंडळा’चे संस्थापक, अध्यक्ष, कोच आणि बॉलमध्ये हवा भरणारे आहेत, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी आपल्या मंडळाचा एकही सामना पाहिलेला नाही.

गैरसमज नको. सामन्याला ते असतात. सगळ्यांच्या आधी मैदानावर येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. पण पंचाची शिट्टी वाजली की अण्णा गर्रकन वळतात, मैदानाकडे पाठ करतात आणि हात मागे बांधून गेटकडे तोंड करून उभे राहतात. मध्यंतराला वळून पोरांना मनसोक्त शिव्या घालतात. पुन्हा शिट्टी, पुन्हा पाठ. एकदा बाहेरगावाहून आलेल्या एका पंचाला वाटलं की हा माणूस आपला निषेध करतोय. तो बिचारा सामना थांबवून चौकशीला आला. अण्णा त्याच्याकडेही न बघता म्हणाले, ‘‘नोडरी, तुमी तुमचं काम करा. आमी आमचं करतो.’’

‘नोडरी’ म्हणजे कानडीत ‘बघा हो’. अण्णांचं मूळ घर अक्कलकोटकडचं, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच निघतं. उठताबसता दुनियेला ‘बघा हो’ म्हणणारा माणूस स्वतः मात्र बघत नाही, याचा मला जरा जास्तच त्रास होतो, कारण माझं चष्म्याचं दुकान आहे. ते अण्णांच्या दुकानाला लागूनच आहे. अण्णा शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकतात. इकडे मी गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो, तिकडे अण्णांचं मुसळ उखळात पडतं आणि माझा तक्ता हलतो. अर्ध्या पेठेला त्या मुसळामुळे जास्त नंबरचे चष्मे लागले असतील, अशी मला शंका आहे.

‘‘अण्णा, सामना बघत का नाही?’’ हे त्यांना विचारून झालं नाही असा माणूस आमच्या पेठेत नाही. उत्तर ठरलेलं. ‘‘बघून काय गोल व्हतोय का? बघायचं न्हाय, ऐकायचं. बॉल कसा बसला ते आवाजावरनं कळतंय की.’’

हे त्यांचं शास्त्र. या शास्त्राच्या जोरावर अण्णांनी एकदा दोन्ही हात वर करून ‘‘गोऽऽल!’’ म्हणून आरोळी ठोकली होती. शेजारच्या कोपऱ्यात क्रिकेट चाललं होतं आणि तिथे कोणाचा तरी त्रिफळा उडाला होता. आमच्यावर त्याच वेळी गोल चढत होता. तेव्हापासून अण्णांना डोळ्यांची गरज भासू लागली आणि ते माझ्या दुकानात आले. ‘‘चष्मेवाले, तुमचं डोळ्याचंच काम हाय. रविवारी दुकान बंदच असतंय. चला.’’

असा मी उगवता ताराचा अधिकृत डोळा झालो. अण्णा गेटकडे तोंड करून उभे, मी त्यांच्या शेजारी मैदानाकडे तोंड करून उभा. लांबून आम्ही दोघं भांडलेल्या भावांसारखे दिसतो. अण्णा विचारतात, ‘‘कुटं?’’ मी सांगतो, ‘‘आपल्या हद्दीत.’’ अण्णा विचारतात, ‘‘आता कुटं?’’ मी सांगतो, ‘‘आपल्याच हद्दीत.’’ बॉल बहुतेक वेळ आमच्याच हद्दीत असतो. तारा उगवायला लागल्याला आता चाळीसेक वर्षं होत आली, पण तो अजून काही वर आलेला नाही.

मंडळाचा इतिहास अण्णा कोणालाही सांगतात. पाव किलो चटणी घेणाऱ्याला मंडळाची स्थापना ऐकावी लागते. अर्धा किलो घेतली तर टॉवेलच्या जर्सीपर्यंत जावं लागतं.

स्थापना दोघांनी केली. एक रेवप्पा आणि दुसरा नरसय्या. नरसय्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि रेवप्पाशी भांडायचं असलं की कानडी. रेल्वेच्या लोकांनी टाकून दिलेला एक बॉल या दोघांना मिळाला. सायकलवाल्याकडून त्याला पंक्चरची चकती मारून घेतली आणि मंडळ सुरू झालं. नरसय्या गोलकीपर का झाला, याचंही कारण अण्णा सांगतात. मागावरून कधीकधी आडवं सूत नेणारा लाकडी धोटा उडतो, त्याचं टोक लागलं तर डोळा जातो. नरसय्या तो उडता धोटा हवेतल्या हवेत पकडायचा. ‘‘त्याच्यापुढं बॉल म्हंजे काय वो? एवढा मोठ्ठा! दिसतोय तरी.’’

जर्सीची कथा सांगताना मात्र अण्णांना दर वेळी नव्याने हसू येतं. जर्सी विकत घ्यायला कोणाकडे काही नव्हतं. नरसय्या म्हणाला, मी विणतो. जकार्डच्या मागावर नक्षीचा पुठ्ठा चढवला की नक्षी कापडातच विणली जाते, तसे नंबर कापडातच विणू. रेवप्पा सेंटर फॉरवर्ड, नऊ नंबरचा. दोस्ताचा नंबर म्हणून नरसय्याने भोकं पाडून आधी नऊचा पुठ्ठा तयार केला. चढवला आणि माग चालू केला. आता, एकदा चढवलेला पुठ्ठा तीच नक्षी पुनःपुन्हा उतरवत राहतो, हे जन्मभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला सांगायला नको. पण नरसय्या आनंदात होता, गाणं म्हणत होता, आणि अख्खं ठाण उतरलं तेव्हा त्यावर नऊ, नऊ, नऊ आणि नऊ होतं. सूत संपलेलं. मग काय करता? अकराच्या अकरा जण नऊ नंबरचे. गोलकीपरसुद्धा नऊ.

पहिल्याच सामन्यात आमच्या एकाने लाथ मारली. पंचाने पिवळं कार्ड दाखवलं आणि लिहून घेतलं, नऊ नंबर. थोड्या वेळाने दुसऱ्याने कोणीतरी ढकललं. पुन्हा पिवळं, पुन्हा नऊ. दोन पिवळी म्हणजे नऊ नंबर बाहेर. कुठला नऊ? पंच वही बघतोय, पाठी बघतोय. आमच्या पोरांनी एकमताने संघातल्या सगळ्यात कुचकामी गड्याकडे बोट दाखवलं आणि तो बाहेर गेल्यावर खेळ सुधारला. मग पाऊस आला. टॉवेलच ते. अंगभर पाणी प्यायले. एकेक गडी ओल्या गादीखाली सापडल्यासारखा चालायला लागला. शेवटी सगळ्यांनी जर्सी काढून पिळल्या आणि उघड्या अंगाने सामना संपवला. त्या जर्सी पुढे शिवण उसवून ज्याच्या त्याच्या घरी आंघोळीला लागल्या.

एवढ्यावर इतिहास संपतो. एक किलो घ्या, दोन किलो घ्या, पुढचं कोणी ऐकलेलं नाही. ‘‘मग कारखाना बंद पडला. नरसय्या भिवंडीला गेला,’’ असं म्हणून अण्णा चटणी तोलायला घेतात. एरवी त्यांचं माप सैल असतं, पण या वाक्यानंतरचं माप काटेकोर होतं. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी कधी विचारलं नव्हतं.

या वर्षी मात्र सगळंच गळ्याशी आलं. जिल्ह्याच्या स्पर्धेचा नियम असा की दोन वर्षं लागोपाठ तळाला राहणाऱ्या मंडळाचं नाव काढून टाकायचं. गेल्या वर्षी आम्ही तळाला होतो. या वर्षीही तळालाच होतो. शेवटचा सामना माढ्याच्या संघाशी. निदान बरोबरीत सुटला तर एक पायरी वर, हरलो तर उगवता तारा कायमचा मावळला. पोरं म्हणाली, ‘‘अण्णा, टेन्शन नका घेऊ. नाव गेलं तर दुसऱ्या नावानं नवीन मंडळ काढू. नावात काय ठेवलंय?’’

अण्णांनी एरवी यावर दहा शिव्या दिल्या असत्या. त्या दिवशी ते मुसळ उखळातच ठेवून दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. त्या आठवड्यात त्यांच्या चटणीत मीठ दोनदा पडलं आणि पेठेत बोभाटा झाला.

रविवारी मी मैदानावर पोचलो तेव्हा अण्णा गेटच्या कडीला टॉवेल अडकवत होते. हेही त्यांचं एक खूळ. दर सामन्याला एक विटका, जाळी झालेला टॉवेल ते गेटवर टांगतात आणि त्याला कोणाला हात लावू देत नाहीत. एकदा समोरच्या संघातल्या एकाने त्याला तोंड पुसलं, तर अण्णा त्याच्या अंगावर धावून गेले होते. आम्हाला वाटायचं, देवाधर्माचं काही असेल.

‘‘इम्रान आला?’’ मी विचारलं.

‘‘न्हाय.’’

इम्रान आमचा गोलकीपर. चिंचोळी एमआयडीसीत कामाला. संघात गोल अडवू शकणारा तो एकटाच, आणि कंपनीने नेमकी त्याच रविवारी जादा पाळी लावलेली. फोन लागत नव्हता. दहाच गडी मैदानात उतरले. कॅप्टन विनायक, म्हणजे आमचा विन्या, हाफपँटीत शर्ट खोचून गोलात उभा राहिला. त्याने आयुष्यात हाताने फक्त मोबाईल झेलला असेल.

शिट्टी वाजली. अण्णांनी पाठ केली. मार्च महिना, ऊन डोक्यावर, मैदानात नावाला गवत नाही. माढ्याची पोरं शेतात राबलेली, मांड्या बघूनच माझा धीर खचला.

‘‘कुटं?’’

‘‘आपल्या हद्दीत, अण्णा.’’

‘‘आता?’’

मला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. बॉल विन्याच्या दोन पायांमधून जाळीत गेला. अण्णांना आवाजावरून कळलंच असावं. त्यांचे मागे बांधलेले हात एकमेकांत रुतले. बोटं पांढरी पडलेली मला दिसली.

‘‘एक झाला,’’ मी हळूच म्हणालो.

‘‘ऐकलं,’’ अण्णा गेटकडे बघत म्हणाले.

मध्यंतराला त्यांनी प्रथेप्रमाणे कडक भाकरी आणि चटणी वाटली. जगात इतर संघांना लिंबू-साखर देतात. आमचे गडी भाकरी मोडतात, शेंगांचा कूट नरड्यात अडकवतात आणि ठसकत उत्तरार्धात उतरतात. आमच्यावर बरेचसे गोल उत्तरार्धाच्या सुरुवातीला होतात, त्याचं कारण हेच असावं असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर अण्णा माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. विन्याच्या पाठीवरून हात फिरवला फक्त. विन्या घाबरला. मीही घाबरलो. अण्णा मायेने वागले म्हणजे मामला खरंच संपला, असं सगळ्यांनाच वाटलं.

उत्तरार्ध सुरू झाला आणि गेटातून धुरळा उडवत मोटारसायकल आत आली. इम्रान! कंपनीच्या निळ्या कपड्यात, कपाळाला ग्रीस. त्याला येताना सगळ्यात आधी अण्णांनीच पाहिलं असणार, कारण गेटकडे तोंड करून तेच उभे होते. मला वाटलं, अण्णा आनंदाने ओरडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं आणि मोटारसायकल जवळ येताच विझलं. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

‘‘क्या करूं अन्ना, सुपरवायझर छोड्याच नै,’’ इम्रान धापा टाकत म्हणाला.

‘‘बोलू नको. जा, गोलात हुबा ऱ्हा.’’

इम्रान गोलात गेला आणि विन्या पुढे मोकळा झाला. खेळाचा रंग बदलला. मी सांगत होतो, ‘‘मध्यावर, अण्णा... त्यांच्या हद्दीत, अण्णा!’’ हे वाक्य उच्चारायची मला सवय नव्हती, जीभच वळेना. मग विन्याने कुठूनतरी, कसातरी, बहुतेक गुडघ्याने बॉल ढकलला आणि तो त्यांच्या कीपरच्या हाताखालून सरपटत आत गेला. मी अण्णांना मिठी मारली. अण्णा मिठीतसुद्धा गेटकडेच बघत होते.

‘‘बरोबरी, अण्णा! बरोबरी!’’

‘‘आता एवढंच धरा म्हनावं. आता काय बी करू नका म्हनावं.’’

पुढचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. माढ्याची पोरं लाटेसारखी येत होती. इम्रान पडत होता, उठत होता, त्याच्या कोपराला रक्त आलं. अण्णा ‘‘कुटं?’’ विचारायचे आणि मी ‘‘आपल्या’’ एवढंच म्हणायचो. पंच घड्याळ बघायला लागला होता. आणि तेवढ्यात आमच्या एका गड्याचा हात बॉलला लागला. अगदी गोलासमोर. पंचाने शिट्टी फुंकली आणि बोट जमिनीकडे केलं.

‘‘काय झालं?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘पेनल्टी.’’

‘‘कुनाला?’’

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांना कळलं.

मैदानात गोंधळ माजला. आमची पोरं पंचाभोवती जमली, हात मुद्दाम लावला नाही म्हणून शपथा खायला लागली. कोणीतरी कोणालातरी ढकललं. एवढ्यात पेनल्टी घेतली जाईल असं दिसेना. अण्णा गेटकडे बघत उभे होते, मान ताठ, पण गालावरून पाणी ओघळत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात सोडले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली.

‘‘अण्णा, सावलीत बसू या का? एक मंडळ गेलं म्हणून काय झालं? पोरं म्हणतायत तसं दुसरं काढू.’’

‘‘दुसरं काढून काय उपेग, चष्मेवाले?’’ अण्णा म्हणाले. ‘‘त्याला दुसरं ठाव न्हाय.’’

‘‘कोणाला?’’

‘‘नरसय्याला.’’

आणि जो इतिहास दोन किलो चटणी घेणाऱ्यालाही मिळाला नव्हता, तो अण्णांनी मला तिथे, पंचाच्या शिट्ट्या आणि पोरांच्या आरडाओरड्यात सांगितला. गेटवरची नजर न काढता.

नरसय्या भिवंडीला गेला तेव्हा म्हणाला होता, मॅचला येत जाईन. सुरुवातीला यायचाही. कळवायचा नाही. सामना सुरू असताना पिशवी घेऊन गेटातून आत शिरायचा, पिशवी अण्णांकडे टाकायचा आणि सरळ गोलात जाऊन उभा राहायचा. मग मधे बराच काळ आला नाही. संघाला कीपर तर पाहिजेच, म्हणून अण्णांनी एक नवा पोरगा गोलात उभा केला.

‘‘त्या दिवशी मॅच लई रंगली व्हती. मी हितंच हुबा व्हतो. आपलं ध्यान सगळं बॉलवर. मॅच झाल्यावर वॉचमन म्हनला, तुमचा तो लांब हाताचा दोस्त आला व्हता की. गेटापाशी पिशवी घेऊन लई येळ हुबा व्हता. गोलात दुसऱ्याला बघितलं, आन माघारी गेला.’’

अण्णांनी हनुवटीने गेट दाखवलं.

‘‘मी बघत व्हतो वो, चष्मेवाले. पर नको तिकडं बघत व्हतो. मी नुसतं वळून हाक मारली असती तर त्यो पोरगा काय, कुनी बी गोलातनं बाहेर आला असता.’’

पुढे अण्णा भिवंडीला जाऊन आले. नरसय्याचा कारखाना बदललेला, आणि तिथे प्रत्येक गल्लीत एकेक नरसय्या. त्यातला एक तर अण्णांना जेवून जा म्हणाला, पण तो हा नव्हता. इकडे नरसय्याची साखर पेठेतली चाळ पडली. अण्णांनी घर बदललं. चटणीचं दुकान तर फार नंतरचं. मोबाईल तेव्हा कोणाकडेच नव्हते.

‘‘नोडरी, त्याला ठाव असलेला माझा पत्ता आता येकच ऱ्हायलाय. ह्ये ग्राउंड आन उगवता तारा. पेपरात कुटं नाव वाचलं, कुनाच्या तोंडी ऐकलं, तर येईल. नावच गेलं तर त्यानं यायचं कुटं?’’

एवढी वर्षं मी या माणसाच्या शेजारी उभा राहून त्याला विक्षिप्त समजत होतो. बॉल कुठे आहे ते सांगत होतो, आणि तो वाट बघत होता माणसाची. मला त्याची फार माया आली, आणि आपण चष्मे विकतो याची थोडी लाजही वाटली.

मैदानातला गोंधळ शमला. पंचाने सगळ्यांना मागे हटवलं. माढ्याच्या कॅप्टनने बॉल ठिपक्यावर ठेवला. इम्रान गोलरेषेवर उभा राहिला, हात फाकवले, आणि मग अचानक आमच्या दिशेने वळून ओरडला, ‘‘अन्नाऽऽ! एक बार देखो ना! एकीच बार!’’

सगळं मैदान आमच्याकडे बघायला लागलं. अण्णांचे खांदे हलले.

‘‘अण्णा, बोलावतोय तो,’’ मी म्हणालो. ‘‘एकटा पडलाय.’’

अण्णांच्या पायांना कळेना कुठे वळायचं ते. अर्धे वळले, पुन्हा गेटकडे झाले. मग त्यांनी माझं मनगट धरलं. मुसळ धरून धरून दगड झालेला हात. त्यांनी मला धरून गोल फिरवलं आणि माझं तोंड गेटकडे केलं.

‘‘मी तिकडं बघतो. तवर तुमी गेट बघा. नजर काढायची न्हाय. काय बी झालं तरी काढायची न्हाय!’’

आणि रेवप्पाअण्णा मैदानाकडे वळले.

आता माझी अवस्था बघा. उगवता ताराच्या आख्ख्या इतिहासातली सगळ्यात मोठी पेनल्टी माझ्या पाठीमागे होत होती, आणि मी एका रिकाम्या गेटकडे बघत होतो. मान वळवायला जीव तडफडत होता. समोर काय? गंजकी जाळी, रस्त्यावरून जाणारी एक रिक्षा, आणि कडीला टांगलेला तो टॉवेल. दुसरं काही बघण्यासारखं नसल्यामुळे मी टॉवेलच निरखून बघितला. धुऊन धुऊन रंग उडालेला, मधे जाळी झालेली. पण वाऱ्याने तो उलगडला तेव्हा उन्हात त्याची वीण दिसली. नऊ. कापडातच विणलेला नऊ.

इतक्या रविवारी मी त्याच्या शेजारून गेलो होतो.

मागे सगळं शांत झालं. शिट्टी वाजली. धावत्या पावलांचा आवाज आला. मग धप्प असा आवाज. तो बुटाचा, हाताचा, खांबाचा की जाळीचा, मला काही कळलं नाही. आवाजावरून काही कळत नाही. अण्णांचं शास्त्र साफ खोटं होतं.

‘‘काय झालं?’’ मी ओरडलो. ‘‘अण्णा, काय झालं?’’

मागे नुसता कल्लोळ उठला होता, आमच्या पोरांचा की त्यांच्या, समजत नव्हतं. मी गेटवरून नजर काढली नाही. तेवढं मात्र मी केलं.

‘‘अण्णा, सांगा ना!’’

‘‘अडवला,’’ अण्णा म्हणाले. आवाज फाटलेला होता. ‘‘डाव्या अंगाला पडला. येका हातानं काढला. धोटा धरल्यागत काढला बगा पोरानं.’’ मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘‘तिकडं? आलं का कोन?’’

‘‘नाही, अण्णा.’’

‘‘बरं. सरका. आता मी बघतो.’’

आम्ही पुन्हा आपापल्या दिशांना वळलो. उरलेला खेळ मी सांगितला, अण्णांनी ऐकला. सामना बरोबरीत सुटला. उगवता ताराचं नाव राहिलं. पोरांनी इम्रानला खांद्यावर घेतलं, मग अण्णांना घेतलं, आणि अण्णा खांद्यावर बसूनही गेटकडे बघत राहिले. विन्या म्हणाला, ‘‘म्हातारा लई खुळा हाय बे.’’ सगळे हसले. मी हसलो नाही.

मैदान रिकामं झालं. वॉचमन गेट लावायला आला तेव्हा अण्णांनी टॉवेल काढला, झटकला, नऊ वर येईल अशी घडी केली आणि पिशवीत ठेवला.

मी म्हणालो, ‘‘अण्णा, पुढच्या वेळेपासून अर्धा सामना मी गेट बघतो. तुम्ही अर्धा सामना बघा. इम्रानला बरं वाटेल.’’

अण्णांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. ‘‘तुमाला वळखू येईल का?’’

‘‘कसा दिसतो ते सांगा.’’

‘‘उंच हाय. लांब हात. केस ह्ये एवढे दाट, मागं वळवलेले. चालला की घाईत असल्यागत चालतो...’’ अण्णा भरभर सांगत होते आणि एकाएकी थांबले. त्यांनी आपल्या टकलावरून हात फिरवला, मग आपल्या त्या जाडजूड, सुरकुतलेल्या हाताकडे बघितलं. एवढ्या वर्षांत हा विचार त्यांच्या मनात प्रथमच आला असावा.

‘‘आता तसा नसंल की त्यो,’’ ते म्हणाले.

वॉचमनने एक झडप ओढली. अण्णांनी पिशवीवरून टॉवेल चाचपला.

‘‘असं करा, चष्मेवाले. माणूस बघू नका. टॉवेल बघा. आत येताना कोन टॉवेलपाशी थांबला, त्याला हात लावला, की मला हाक मारा. लगेच मारा. गोल व्हत असला तरी मारा.’’